साहेबाचा फ्यूज आणि बाईंची दोरी : स्पेनमधल्या एका ब्रिटिश जोडप्याचं प्रकरण

समोरच्या घरातली वीज पहिल्या आठवड्यात अकरा वेळा गेली. मोजली साहेबानेच, वहीत वेळेसकट लिहून ठेवलं होतं. माणूस निवृत्त इलेक्ट्रिशियन, चाळीस वर्षं लीड्सच्या आसपास लोकांच्या घरांत वायरिंग केलेलं, आणि इथे स्वतःच्या घरात चहाला पाणी ठेवलं की अंधार. सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तो मीटरच्या पेटीसमोर कंबरेवर हात ठेवून उभा होता, वर बघून मला म्हणाला, "लव्ह, तुझ्याकडे आहे का वीज?" यॉर्कशायरचे, म्हणजे लीड्सकडचे, लोक भाजीवालीपासून नर्सपर्यंत कुणालाही लव्ह म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं, त्यामुळे मी क्षणभर नुसती बघतच राहिले, आणि नवरा आत खुर्चीतून पडायचा बाकी होता हसून.

आम्ही राहतो ते खालोन नावाचं गाव, व्हॅलेन्सियन भाषेत शालो, अलिकांते प्रांतात देनियाच्या समुद्रापासून थोडं आत डोंगरात. गावाबाहेर बेचाळीस घरांची वसाहत, मधे एक पोहण्याचा तलाव, बदामाची झाडं, निम्म्याहून जास्त घरं ब्रिटिशांची. स्पेनमधे अडीच लाखांच्या वर ब्रिटिश राहतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा गठ्ठा ह्याच प्रांतात, त्यामुळे त्यात नवल काही नाही. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१९ पासून स्पेनमधे, माहेर माझं तासगाव. ह्या दोघांना आम्ही घरात साहेब आणि बाई म्हणायला लागलो ते चेष्टेने, पुढे तेच राहिलं, इथेही तेच लिहिते. तो तेव्हा सदुसष्ट, ती चौसष्ट, शाळेच्या लायब्ररीत काम केलेली, शांत, हसरी, कशाबद्दल ब्र न काढणारी.

हे सगळं लिहून ठेवावं असं वाटलं कारण दीड वर्षं मी हे प्रकरण अगदी जवळून बघितलं आणि पहिलं वर्षभर मी चुकीच्या माणसाची काळजी करत होते.

आधी वीज. आपल्याकडे महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो आणि आपण तो आयुष्यात कधी वाचत नाही, इथे तोच सगळा खेळ आहे. प्रत्येक घराने किती किलोवॅट ओढायचे ते कंपनीशी ठरवलेलं असतं, त्याला पोतेन्सिया म्हणतात, जितकं जास्त ठरवाल तितका दर महिन्याचा स्थिर आकार जास्त, वापरा नाहीतर नका वापरू. आधीचा घरमालक फक्त उन्हाळ्यात यायचा म्हणून त्याने ३.४५ किलोवॅटवर ठेवलेलं. आता इंग्रज माणूस घर बदलताना काय आणतो, तर केटल. त्यांची केटल ३ किलोवॅटची, दीड मिनिटात पाणी उकळणारी. केटल लावली, तेवढ्यात ओव्हन किंवा गीझर चालू झाला, की मीटर आतल्या आत कट करतो. मग मेन स्विच बंद करायचा, थोडं थांबायचं, परत चालू करायचा. इंग्लंडमधे घराला येणारी जोडणी इतकी दणकट असते की तिथला इलेक्ट्रिशियन असल्या गोष्टीचा विचारच करत नाही.

कारण काय हे साहेबाला दहा मिनिटांत कळलं होतं, दुखत होतं ते पुढचं. भार वाढवायचा तर वीज विकणाऱ्या कंपनीला फोन, ती म्हणते तारा आमच्या नाहीत तारांच्या कंपनीला विचारा, दोन्हीकडे फोनवर यंत्र स्पॅनिशमधे एक दाबा दोन दाबा सांगतं, आणि शेवटी कळतं की घराचं वायरिंग जुनं असल्यामुळे अधिकृत माणसाचा दाखला लागेल. तो दाखला द्यायला पंचवीसेक वर्षांचा पोरगा आला, पेटी उघडली, पंधरा मिनिटं बघितलं, सही केली, पैसे घेऊन गेला. साहेब त्याच्या मागे टॉर्च धरून उभा. चाळीस वर्षांचा अनुभव असून त्याला स्वतःच्या घराच्या कागदावर सही करता येत नव्हती, कारण त्याचं इंग्लंडचं प्रमाणपत्र इथे चालत नाही आणि व्हिसावर काम करायला बंदी. त्या दिवशी त्याने इतक्या शिव्या घातल्या की बाई मला खिडकीतून हातानेच सॉरी म्हणाल्या.

व्हिसा म्हणल्यावर तुम्हाला वाटेल ब्रिटिशांना कसला व्हिसा. तीच तर गंमत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, ३१ डिसेंबर २०२० ला जुने नियम संपले. त्याआधी जे इथे राहायला होते त्यांचे हक्क करारात शाबूत राहिले. त्यानंतर येणारा ब्रिटिश हा कायद्याच्या नजरेत माझ्यासारखाच, तिसऱ्या देशाचा नागरिक. आमच्या वसाहतीत त्यामुळे ब्रिटिशांच्या दोन जाती आहेत असं म्हणलं तरी चालेल, वीसच्या आधीचे आणि वीसच्या नंतरचे, आणि आधीचे लोक नंतरच्यांना सल्ले देतात जे सगळेच्या सगळे कालबाह्य असतात. बाहेर पडायचं की नाही ह्या मतदानात मत कुणीकडे दिलं होतं हे मी साहेबाला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

निवृत्त माणसाने इथे यायचं तर कमाई न करता राहायचा व्हिसा असतो. अट अशी की स्पेनचा एक सरकारी निर्देशांक आहे, इप्रेम, महिना ६०० युरो, त्याच्या चौपट उत्पन्न पहिल्या माणसाचं आणि सोबतच्या माणसामागे अजून एक पट. म्हणजे दोघांना मिळून वर्षाला ३६,००० युरो दाखवायचे. त्याच्या जोडीला पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, खासगी विमा, लग्नाचा दाखला, त्यावर अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून लागतो तो, मग शपथेवर भाषांतर करणाऱ्याकडून स्पॅनिश प्रत. अपोस्टिल हा शब्द साहेबाने सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. मला मनातल्या मनात जरा मजा वाटली, खोटं कशाला सांगू. आम्ही लोक लग्न झाल्या झाल्या दाखल्याच्या पाच प्रती काढून ठेवतो, व्हिसा ऑफिसबाहेर फोटोचा आकार दोन मिलिमीटरने चुकला म्हणून परत फिरणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं. त्याला मात्र प्रत्येक कागद मागितला की वाटायचं आपल्यावर संशय घेतायत. "मी काय चोर आहे का?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या मुलीने पाठ केलं.

मग नाव. स्पेनमधे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं एक आईकडचं, आणि बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. फॉर्मवर दोन रकाने असतात. ब्रिटिश माणसाचं मधलं नाव बघितलं की खिडकीमागचा कारकून ते सरळ पहिल्या आडनावाच्या रकान्यात टाकतो. समजा कुणी जॉन विल्यम स्मिथ असेल तर तो होतो श्रीयुत विल्यम. साहेबाचं बँकेत तसं झालं, नगरपालिकेत बरोबर राहिलं, आणि बाईंच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, मग ही आणि ती एकच बाई कशावरून. साहेबाला वाटत होतं हे मुद्दाम त्यांच्याशीच करतात. मी माझं कार्ड काढून दाखवलं. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, त्यामुळे इथल्या दवाखान्यात माझा पुकारा सहा वर्षं नवऱ्याच्या नावाने होतोय, मी उठून उभी राहते आणि सगळे माझ्याकडे बघतात. हे ऐकून तो पहिल्यांदा मनापासून हसला.

परदेशी माणसाचं कार्ड काढायला, तिये म्हणतात त्याला, आल्यापासून महिन्याभरात अर्ज करायचा असतो. अर्जाला बोटांचे ठसे, ठशांना ऑनलाइन वेळ, आणि वेबसाइट रोज एकच वाक्य दाखवते की सध्या वेळा उपलब्ध नाहीत. ह्या वेळा पटापट उचलून विकणारे दलालही असतात, आपल्याकडे तत्काळ तिकिटाचं व्हायचं तसंच. फी भरायची ती एका ठरावीक नमुन्याचा फॉर्म छापून बँकेत, बँक ती फक्त सकाळी ठरावीक तासांतच घेणार. नगरपालिकेचा रहिवासाचा दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणजे ठशांची वेळ मिळेपर्यंत दाखला शिळा होतो आणि परत काढावा लागतो. साहेबाने सप्टेंबरात सुरुवात केली, ठसे दिले जानेवारीत, कार्ड हातात आलं मार्चमधे. इथे एक गेस्तोर नावाचा पेशा आहे, कागदपत्रं करून देणारा माणूस, त्याला दीडशे युरो दे आणि मोकळा हो असं मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. नाही म्हणाला, माझी कामं मी करतो.

मला तेव्हा हा हट्टीपणा वाटला होता. आता वाटतं त्याच हट्टाने त्याचं भलं झालं, पण ते पुढे.

रांगेचा किस्सा मात्र नीट सांगायला हवा. गावातल्या आरोग्य केंद्रात तो पहिल्यांदा एकटा गेला आणि तासाभराने लालबुंद होऊन परत आला. म्हणे तिथे रांगच नाही, लोक कुठेही बसलेत, कोणी भिंतीला टेकलंय, एक म्हातारी बाहेर जाऊन ब्रेड घेऊन आली आणि थेट आत गेली, मी दारासमोर उभा तर मला कोणी विचारेना. मी त्याला विचारलं आत शिरल्यावर तू काय म्हणालास. काही नाही म्हणाला, शांतपणे उभा राहिलो. तिथेच चुकलं. इथे खोलीत शिरलं की आधी सगळ्यांना मिळून बुएनोस दियास म्हणायचं आणि मग विचारायचं किएन एस एल उल्तिमो, शेवटचं कोण आहे. कोणीतरी हात वर करतं. तो तुमच्या पुढचा, बस, आता तुम्ही कुठेही बसा, बाहेर जाऊन कॉफी पिऊन या, तुमचा नंबर पक्का. डोळ्यांना दिसत नाही पण रांग कडक असते. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही, तासगावात डॉक्टरकडे आजी "शेवटचं कोण हाय गं?" विचारूनच बाकावर बसायची, आणि रेशनच्या दुकानासमोर लोकांच्या पिशव्या आणि चपला रांगेत उभ्या असायच्या, माणसं सावलीत. साहेबाने ते वाक्य रोमन अक्षरांत हातावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम काही काम नसताना पोस्टात जाऊन वापरून आला.

गाडीचं प्रकरण जरा गंभीर झालं. ब्रिटिश लायसन्सवर इथला रहिवासी झाल्यापासून सहा महिने चालवता येतं, मग बदलून घ्यावं लागतं. असं बदलून द्यायचा दोन देशांमधला करारसुद्धा १६ मार्च २०२३ पासून आला, त्याआधी जवळजवळ वर्षभर इथल्या हजारो ब्रिटिशांचं लायसन्स नुसतं प्लास्टिक झालं होतं. बदलायला कार्ड लागतं, कार्ड मार्चमधे आलं, सहा महिने मार्चमधेच संपले. पुढचे सात आठवडे साहेबाला गाडी चालवता आली नाही. आमच्या खोऱ्यात रेल्वे नाही, बस अशी की वेळापत्रक बघून हसू यावं. मी आठवड्यातून दोनदा दोघांना बाजारात नेत होते आणि तो शेजारच्या सीटवर बसून माझ्या ड्रायव्हिंगवर बोलत होता, विशेषतः गोल चौकात. इथे गोलातून बाहेर पडायचं तर बाहेरच्याच लेनमधून पडायचं, आतल्या लेनमधून थेट कापत जायचं नाही, आणि त्यांच्याकडे आधीच लेन निवडून जातात, शिवाय सगळं उलट्या बाजूला. "अन्याय आहे हा" असं तो एकदा म्हणाला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की भारतीय लायसन्स स्पेन बदलूनच देत नाही. मी पंधरा वर्षं गाडी चालवत असूनही इथे ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरले, तीस प्रश्नांची परीक्षा दिली, तीनच चुका माफ, मग रस्त्यावरची परीक्षा, त्यात एकदा नापास. त्यानंतर तो माझ्या गोल चौकावर बोलला नाही.

त्याला फक्त वैद्यकीय चाचणी द्यायची होती, आणि ती चाचणी म्हणजे एक खेळ असतो. पडद्यावर दोन वळणाचे रस्ते सरकत असतात, दोन हातांत दोन दांडे, डाव्याने डावा ठिपका सांभाळायचा उजव्याने उजवा, रस्त्याबाहेर गेला की यंत्र पीं करतं. मी बाहेर बसले होते, आतून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येत होता. दुसऱ्या प्रयत्नात सुटला बिचारा.

हिवाळ्याबद्दल थोडं. ब्रिटिश पेन्शनरांना सरकार थंडीत घर गरम ठेवायला वेगळे पैसे देतं, ते स्पेनमधे राहणाऱ्यांना २०१५ पासून बंद झालं, कारण काय तर हिशेबात स्पेनचा हिवाळा इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापेक्षा उबदार निघतो. हिशेब हवेचा आहे, घरांचा नाही. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशा गारेगार, भिंतींत काही भरलेलं नाही, सेंट्रल हीटिंग नाही. जानेवारीत बाहेर अंगणात स्वेटर काढावासा वाटतो आणि घरात गेलं की कोट घालावा लागतो. लीड्समधे बर्फात आम्ही टीशर्टवर असायचो असं बाई म्हणाल्या, हसतच. गॅसची शेगडी आणली तर तिला साडेबारा किलोचा केशरी सिलिंडर, आणि दोघांनी जन्मात सिलिंडर जोडला नव्हता, नळाने गॅस येणाऱ्या घरातले लोक. रेग्युलेटर कसा बसवायचा, वॉशर आहे का बघायचा, साबणाच्या पाण्याने गळती कशी तपासायची हे मी शिकवलं. इलेक्ट्रिशियन साहेब मान डोलावत बघत होता.

कराचं मी लांबवत नाही, पण एक सांगते, त्यांच्या देशाचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, इथलं १ जानेवारीला, आणि तिकडे करमुक्त असलेलं बचत खातं इकडे करमुक्त नाही. परदेशात ५०,००० युरोच्या वर ठेवी असल्या तर मार्चअखेर वेगळं जाहीर करायचं. इथे मात्र साहेबाने पैसे देऊन माणूस लावला, शहाणा.

आता त्या मनुक्यांची गोष्ट, जराशी वाट सोडून. ह्या खोऱ्यात जुन्या घरांना लागून कमानींचे लांबट ओटे असतात, त्यांना रिउराउ म्हणतात. मस्कत द्राक्षं उकळत्या क्षाराच्या पाण्यात क्षणभर बुडवून उन्हात वाळत घालायची आणि पाऊस आला की त्या कमानींखाली ओढायची. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल केला, कारण आमच्याकडे बेदाण्यालाही द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, मग शेडमधे जाळीवर. एकोणिसाव्या शतकात इथला बराचसा मनुका देनियाच्या बंदरातून इंग्लंडला जायचा, त्यांच्या नाताळच्या पुडिंगसाठी, आणि त्या व्यापारापायी इंग्रज व्यापारी देनियात राहायला आले होते. समुद्राकाठी त्यांची छोटी दफनभूमी अजून आहे. एका रविवारी मी दोघांना तिथे घेऊन गेले. साहेब भिंतीची पडझड बघत फिरला आणि दुरुस्ती कशी करायला हवी ते सांगत बसला. बाई मात्र एका कोपऱ्यात बराच वेळ उभ्या होत्या आणि परतताना गाडीत म्हणाल्या, "म्हणजे हे लोक परत गेलेच नाहीत." मी म्हणलं हो ना, आणि विषय बदलला. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

कारण बाई तक्रारच करायच्या नाहीत. सगळं लव्हली. साहेब रोज काहीतरी घेऊन भांडत यायचा, दुकान दोन ते पाच बंद, ऑगस्टमधे प्लंबर नाही, सणात पहाटे फटाके, पार्सलवर कर, चहातलं दूध डब्यातलं. मला वाटायचं हा माणूस सहा महिन्यांत बोचकं बांधणार आणि ह्या बाई छान रुळणार. बाईंचा दिवस असा, सकाळी ब्रिटिश कॅफे, मग जुन्या कपड्यांचं धर्मादाय दुकान जिथे सगळ्या इंग्लिश बायका, शनिवारी गावातला जुना बाजार, तिथेही निम्मे विक्रेते इंग्रज. खाटीक इंग्रज, केस कापणारी इंग्रज. स्पॅनिशचा एक शब्द न बोलता इथे पंधरा वर्षं काढलेल्या बायका मला माहीत आहेत आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही, लंडनमधे किंवा न्यू जर्सीत आपल्या कितीतरी आज्या तशाच राहतात. पण त्या वर्तुळाबाहेर काही झालं की पायाखाली काही नसतं.

ते झालं एप्रिल २०२४ मधे. बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन तातडीने करावं लागलं. साहेबाला ब्रिटिश पेन्शन सुरू असल्यामुळे एस-वन नावाचा फॉर्म असतो, त्यावर उपचाराचा खर्च ब्रिटन उचलतं, बाईंचं नाव त्यावर अवलंबून म्हणून होतं, त्यामुळे पैशाची काळजी नव्हती. इथल्या सरकारी दवाखान्यात नातेवाईक रात्री पेशंटजवळ राहतो, तशी खुर्चीच असते आडवी होणारी. आपल्याला ह्यात काय नवल, आपण तर डबा आणि सतरंजी घेऊनच जातो. त्यांच्याकडे भेटीची वेळ संपली की घरी जायचं असतं. साहेब चार रात्री त्या खुर्चीत झोपला. शेजारच्या खाटेवर गावातलीच एक आजी, तिच्याकडे लेकी, सुना, नातवंडं अखंड, टीव्ही चालू, संत्री सोलून साहेबाच्या हातात देतायत, ह्याला विचारतायत मुलं किती, घर कुठलं, पोतेन्सिया किती. खरंच विचारलं, कारण आजीचा मुलगा वीजवाला निघाला. चौथ्या दिवशी मी गेले तर साहेब आणि तो मुलगा कागदाच्या नॅपकिनवर वायरिंगचं चित्र काढून हातवारे करत भांडत होते, साहेबाचं स्पॅनिश भयानक होतं आणि तो थांबत नव्हता. सात महिने प्रत्येक खिडकीवर भांडून त्याच्याकडे शब्द जमले होते. भरा, सही, प्रत, उद्या, परवा, कोण शेवटचं, हे बरोबर नाही.

आणि बाई पडद्याकडे तोंड करून रडत होत्या. दुखत होतं म्हणून नव्हे. नर्सने काहीतरी विचारलं होतं, त्यांना कळलं नाही, नर्सने मोठ्याने परत विचारलं, मग शेजारच्या सुनेने हाताने खूण करून दाखवलं की शी झाली का असं विचारतायत, आणि सगळी खोली प्रेमानेच हसली. माझा हात धरून म्हणाल्या, "मी चौसष्ट वर्षांची आहे गं, आणि मला इथे बाळासारखं विचारतात." पहिली तक्रार. मग सगळं बाहेर आलं, नात लीड्समधे चालायला लागली ती फोनवर बघितली, घरात सगळं आहे पण हाताला काही सापडत नाही, रात्री बाथरूमला उठलं की अजून छतापासून लोंबणारी दोरी शोधते. इंग्लंडमधे बाथरूमचा दिवा दोरी ओढून लावतात, सुरक्षेसाठी, आणि आमच्या वसाहतीत बाथरूमचं बटण दाराबाहेर भिंतीवर आहे. सात महिने ती बाई अंधारात हवेत हात फिरवत होती आणि कुणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

मी साहेबाला सांगितलं. जास्त काही बोलला नाही.

पुढचं थोडक्यात. त्या शरद ऋतूत वसाहतीची वार्षिक सभा झाली. इथे सोसायट्यांचा कायदा १९६० चा आहे आणि अध्यक्ष मालकांपैकीच एक व्हावा लागतो, कोणी तयार नसेल तर पाळीने किंवा चिठ्ठी टाकून, आणि नाव निघालं की सहजासहजी नाही म्हणता येत नाही. साहेबाचं निघालं. पुण्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेल्या माणसाचा चेहरा ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तलावाच्या पंपाची गळती, कुत्र्याची घाण, कोणाचा मेन्टेनन्स थकलाय. तो आता जिन्यातल्या दिव्यांच्या टायमरबद्दल ठेकेदाराशी स्पॅनिशमधे भांडतो आणि ठेकेदार त्याला डॉन हेफे म्हणतो, म्हणजे बॉसराव. स्वतः हात लावता येत नाही ह्याचं दुःख आहेच, पण दुसऱ्याच्या कामात चूक काढायचा अधिकार मिळाला.

बाईंचं मी आठवड्यातून दोनदा स्पॅनिश घ्यायला लागले, आमच्या स्वयंपाकघरात, आल्याच्या चहावर. फार पुढे गेलं नाही. दुकानात भाव विचारतात, नर्सला दुखतं कुठे ते सांगता येईल एवढं येतं. शेवटी त्यांचं त्यांनी ठरवलं की नाताळनंतर तीन महिने लीड्सला मुलीकडे राहायचं आणि बदाम फुलून गेल्यावर परत यायचं, साहेब इथेच. लोक वसाहतीत कुजबुजले की ह्यांचं बिनसलं. मला तसं दिसलं नाही. रोज संध्याकाळी साहेबाचा फोन गॅलरीत चालतो आणि अर्धा तास तो तिला सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतो, ती बहुतेक ऐकत नसावी.

मधे फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले तर बाथरूममधे शिडी. साहेबाने इंग्लंडहून दोरीचा स्विच मागवला होता. पार्सलवर इथला व्हॅट आणि वर कुरियरवाल्याचे कस्टमचे काम केल्याचे पैसे, दोन्ही मिळून स्विचच्या किमतीपेक्षा जास्त झाले, त्यावर दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग त्याने दिवा बंद करून मला दोरी ओढायला लावली. छान टक् असा आवाज झाला.

बाहेरचं बटण काढून टाकणार का विचारलं. नाही म्हणाला, ते राहू दे, मला आता तेच सापडतं.